तापीला चौपाटी नको, सायकलवाट हवी

शाळेच्या आमच्या जुन्या ग्रुपवर सध्या एकच वाद रंगला आहे. तापीचं काय करायचं? एक गट म्हणतो, अहमदाबादच्या साबरमतीसारखा काठ बांधून काढा, दिवे लावा, चौपाटी करा, म्हणजे बाहेरची माणसं येतील आणि पोरांच्या हाताला काम मिळेल. दुसरा गट म्हणतो, पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरून केवढं रान उठलं ते बघा, नदीला हातच लावू नका. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची. सध्या जर्मनीत ड्रेस्डेनला राहते, एल्ब नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इथे बसून गावाला शहाणपण शिकवणाऱ्यांची मला चीड आहे, म्हणून बरेच दिवस गप्प होते. पण या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालल्या आहेत, की नदीकाठी माणसं आणायची तर बांधकाम करावंच लागतं. ते खरं नाही, आणि ते मी रोज बघते.

एल्बच्या काठाने जाणारा सायकलमार्ग चेक प्रजासत्ताकातल्या क्रकोनोशे डोंगरात सुरू होतो आणि उत्तर समुद्रावरच्या कुक्सहाफेनला संपतो. बाराशे किलोमीटरहून जास्त लांब. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा खर्च केला असेल! प्रत्यक्षात त्याचा बराच भाग आधीपासूनच होता. शेताकडे जाणारे रस्ते, पूर अडवण्याच्या बांधांवरच्या वाटा, गावांतल्या गल्ल्या. काही गावांत तर अजून जुनी दगडी फरसबंदी आहे, हाडं खिळखिळी होतात. मार्ग म्हणून जे नवं केलं ते म्हणजे दुव्यासारखे काही तुकडे आणि पाट्या. जिथे वाट फुटते तिथे एक छोटा बाण, पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. नकाशा न बघता माणूस दिवसभर जाऊ शकतो.

पाट्यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली रेल्वे. माइसेनपासून ड्रेस्डेन, पिर्ना, बाड शांडाऊ अशी लोकल गाडी नदीच्या कडेकडेने जाते आणि तिच्यात सायकल घेऊन सरळ चढता येतं. पाय थकले, पाऊस आला, की जवळचं स्टेशन गाठायचं आणि घरी. दुसरी गोष्ट मुक्कामाची. जर्मनीतल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने 1995 पासून मुक्कामाच्या जागांना मान्यता द्यायला सुरुवात केली. अटी साध्या आहेत. एकाच रात्रीचा पाहुणा असला तरी नाही म्हणायचं नाही, सायकलींना कुलुपाची जागा द्यायची, ओले कपडे वाळवायची सोय करायची, हवेचा पंप आणि पाने-पकडी हाताशी ठेवायच्या. घरातल्या चार खोल्या भाड्याने देणारी बाईसुद्धा हे करू शकते, आणि करते. पैसा मोठ्या हॉटेलात न जाता गावोगाव थोडा थोडा पडत जातो.

राटेन नावाच्या गावाजवळची नाव तर मला फारच आवडते. तिला इंजिन नाही. नदीत वर लांबवर रोवलेल्या जाड तारेला ती बांधलेली असते, नावाडी तिचं तोंड जरा तिरकं करतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. माणसं, सायकली, लहान मुलांच्या गाड्या, सगळं पार. तापीवर पूल व्हायच्या आधी आपल्याकडेही गावोगाव नावा होत्या, आजी त्यांच्याबद्दल सांगायची.

इथे सगळं सामंजस्याने होतं असं मात्र मुळीच नाही. ड्रेस्डेनच्या मधोमध नदीच्या दोन्ही अंगांना रुंद गवताळ कुरणं आहेत, त्यांवर बांधकाम करू देत नाहीत. 2004 मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारसा यादीत घेतलं. मग कुरणांवरून नवा पूल करायचं ठरलं, 2005 मध्ये लोकांनी मतदान करून पुलाच्या बाजूने कौल दिला, आणि 2009 मध्ये युनेस्कोने वारशाचा दर्जा काढून घेतला. त्यावरून इथे अजून जुनी माणसं भांडतात. पण पूल झाला तरी कुरणं भरून त्यावर इमारती उठवा, असं कुणी म्हटलं नाही. कारण ऑगस्ट 2002 मध्ये याच नदीने 9 मीटर 40 सेंटिमीटरची पातळी गाठून शहर बुडवलं होतं. पुराचं पाणी आधी या कुरणांवर पसरतं. सायकलवाट पाण्याखाली जाते, पाणी ओसरलं की गाळ काढतात आणि वाट पुन्हा सुरू होते. वाटेचं नुकसान किरकोळ, कारण ती मुळातच साधी आहे.

आता तापीकडे या. पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की नदी काय रूप घेते ते भुसावळ-यावलकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. काठावर खोल गाळाची जमीन, तिच्यात पाण्याने कोरलेल्या घळी, आणि वर काळी कापसाची माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर बांधलेला काँक्रीटचा पट्टा किती दिवस धड राहील? धुळ्यात पांझरेच्या काठांनी रस्ते झाले तेव्हाही नदीची जागा कुठे संपते हाच प्रश्न होता. त्यामुळे पाण्याला चिकटून अखंड ट्रॅक हा हट्ट सोडायला हवा. वाट काठापासून आत, गावांच्या शिवरस्त्यांवरून आणि कालव्याच्या भरावावरून जावी, आणि जिथे घाट आहे, संगम आहे, देऊळ आहे, तिथे नदीला भेटावी.

आणि अशी ठिकाणं किती आहेत! चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, तिथलं चांगदेवाचं देऊळ, पलीकडे मेहूण-कोथळीची मुक्ताई. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात लांबून येणारे पक्षी. जळगावजवळ रामेश्वरला गिरणेचा संगम. उत्तरेच्या काठाला केळीच्या बागांचा सगळा पट्टा, रावेर, फैजपूर, यावल, चोपडा. याच फैजपुरात 1936 साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. खाली मुडावदला पांझरा मिळते. त्या पांझरेच्या काठाने वर गेलं तर फड पद्धतीचे जुने बंधारे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी आपसांत पाणी वाटून घेतलं ती व्यवस्था बघायला लोकांनी खरं तर जगभरातून यायला हवं. मग थाळनेर, खान्देशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तापीच्या काठावरचा ढासळलेला किल्ला. मग सारंगखेडा आणि प्रकाशा.

या सगळ्याच्या बाजूने रेल्वे आधीच आहे, आणि या वादात तिचं नाव कुणीच काढत नाही. पूर्वेला बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, भुसावळ. पश्चिमेला जळगाव, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. नदी आणि रूळ थोडं अंतर राखून बरोबरीने जातात. म्हणजे एका बाजूने सायकल मारत जायचं आणि गाडीने परतायचं ही सोय निसर्गाने आणि इंग्रजांच्या काळातल्या रुळांनी करून ठेवली आहे. अडचण इतकीच, की सायकल आज पार्सल म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते. दोन मिनिटं गाडी थांबणाऱ्या स्टेशनावर ते कसं जमायचं? पॅसेंजर गाड्यांच्या एका डब्यात तिकीट घेऊन सायकलीला जागा द्या, एवढी मागणी आपल्या खासदारांनी लावून धरली तरी चौपाटीपेक्षा जास्त काम होईल.

ग्रुपवर मला हमखास ऐकवलं जातं, "तुझ्या जर्मनीत गारवा आहे, इथे 45 अंशात कोण सायकल चालवणार?" मे महिन्यात कुणीच चालवू नये. एल्बवरही जानेवारीत पर्यटक नसतात, तिथला हंगाम उन्हाळ्याचा, आपला दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. पण उन्हाचं कारण खान्देशाने देऊ नये. चैत्रात आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून माणसं पायी सप्तशृंगी गडावर जातात. पहाटे आणि रात्री चालायचं, दुपारी झाडाखाली पडायचं, आणि वाटेवर पाणी, ताक, जेवण घेऊन गावंच्या गावं उभी. मुक्ताईची पालखी महिनाभर चालत पंढरपूर गाठते, तिचा प्रत्येक मुक्काम ठरलेला. वाटसरूची सोय कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही 2020 पासून आहे. केळीच्या बागेतल्या शेतकऱ्याने दोन खोल्या नीट ठेवल्या आणि रात्री कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा वाढला, तर मुंबई-नाशिकचा सायकलवाला दुसऱ्या वर्षी आपल्या मित्रांना घेऊन येईल.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही तो रस्त्यांचा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीचे ट्रक आणि डंपर ज्या वेगाने जातात, तिथे मी माझ्या भाचीला सायकल चालवू देणार नाही. नदीकडे उतरणाऱ्या वाटांवर वाळूचे ट्रॅक्टर असतात, रात्री तर असतातच. पाट्या लावून हे सुटत नाही. म्हणून मार्ग आखताना मोठा रस्ता शक्य तिथे टाळायचा, जिथे ओलांडायचा तिथे गतिरोधक घालायचे. एवढं मात्र नक्की वाटतं, की ज्या वाटेवर दिवसाउजेडी माणसांची ये-जा असते, तिथे वाळू उपसणाऱ्याला डोळे चुकवावे लागतात. आज नदीकडे कुणी फिरकत नाही म्हणून तर त्यांचं फावतं.

आणि भाचीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्याकडे सायकलमार्ग म्हटलं की हेल्मेट घातलेला शहरी पाहुणा डोळ्यांसमोर येतो. एल्बच्या वाटेवर सकाळी आठला पर्यटक जवळपास नसतातच. दप्तर लावलेली शाळेतली मुलं असतात, कामावर निघालेल्या नर्स असतात, पुढच्या टोपलीत भाजी ठेवलेली म्हातारी माणसं असतात. मार्ग त्यांचा आहे, प्रवासी नंतर येतात. खान्देशात राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलीवर मागे मैत्रिणीला बसवून, ओढणी कमरेला बांधून, मुली हायस्कूलला जातात, आणि त्यांच्या वाट्याला येतो तोच खडी उखडलेला, ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेला रस्ता. तापीचा मार्ग आखताना पहिला प्रश्न हा विचारावा, की ही मुलगी या वाटेने शाळेत जाईल का? तिची आई तिला एकटीला पाठवेल का? उत्तर हो असेल तर बाहेरचा माणूसही येईल.

सगळी तापी एका दमात नको. एक तुकडा घ्या. दोंडाईचा स्टेशनवर उतरायचं, गावागावांतून सारंगखेड्याला जायचं, तिथे नदी ओलांडायची, मग उत्तर काठाने प्रकाशाला केदारेश्वराच्या घाटावर, आणि शेवटी नंदुरबार स्टेशन. दोन दिवसांत सावकाश होतं. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, शेताएवढ्या लाल, आणि ठसका वाऱ्यावर लांबून लागतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा देशभरातून माणसं येतात. या मार्गाला लागणार काय? फुटणाऱ्या वाटांवर पाट्या, शिवरस्त्यांवर दबाई केलेला मुरूम, प्रत्येक गावात एक पाण्याची टाकी आणि पंप ठेवलेलं एक दुकान. हे जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या आवाक्यातलं आहे, यासाठी सल्लागार कंपनीचा आराखडा लागत नाही. ग्रुपवरच्या दोन्ही गटांतले निम्मे लोक याच तालुक्यांत शिक्षक, सरपंच, इंजिनीअर आहेत. त्यांनी एका रविवारी नुसती ही वाट सायकलने पार करून कुठे पाटी हवी, कुठे मुरूम हवा, एवढं टिपून आणावं. डिसेंबरात मी सुट्टीवर येते आहे, यादी टाईप करायचं काम माझं.