नाथ पै, घटना आणि आमच्या ट्रंकेतला बत्तीस-म

रविवारी सकाळी आई पेज जेवायला बसली होती. अर्ध्यावर थांबली नि विचारलं, "रे, ह्यां खरां काय? नाथ पै घटना बदलूक निघालेले?" नाथ पै म्हणजे आमचे राजापूरचे समाजवादी खासदार. मुंबईहून आलेल्या नातवाने तिला मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला होता. आई त्र्याऐंशीची. १९६७ साली नाथ पैंच्या झोपडी या निशाणीवर शिक्का मारून आलेली बाई. तिचा चेहरा बघून मी तो मेसेज मागून घेतला, आणि खाली नाव पाहिलं तर आमच्याच भाईंचं.

भाई म्हणजे आमच्या समाजवाद्यांच्या पक्षाचे माजी तालुकाध्यक्ष. नाव लिहीत नाही, मालवण-कुडाळात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते दुसऱ्या पक्षात गेले, तो त्यांचा हक्क. आमचा पक्ष आता चार घरांच्या पडवीत उरलाय, तिथे थांबा असं कोणाला सांगणार? पण जाताना माणसाने आपलं सामान न्यावं, घराच्या भिंती पाडू नयेत.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: समाजवाद्यांनी कोकणाला भाषणांशिवाय काही दिलं नाही. कोकण रेल्वेशी आमचे नेते मधु दंडवते यांचा संबंध नाही. प्रत्येक प्रकल्प यांनी अडवला. आणि सगळ्यांत भारी म्हणजे, 'संविधान बचाव' म्हणून ओरडणाऱ्यांच्या नाथ पैंनीच १९६७ ला मूलभूत हक्क रद्द करायचं विधेयक आणलं आणि त्यातूनच पुढे आणीबाणी आली.

रेल्वेचं आधी उरकतो. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि अर्थमंत्री मधु दंडवते. एकाने योजना रेटायची आणि तिजोरी दुसऱ्याच्या हातात, तर मग संबंध कसा नाही? दोघं एकाच पक्षाचे, तुमच्याआमच्या. डोंगर फोडून रूळ टाकले ते कोकण रेल्वेचे प्रमुख श्रीधरन यांच्या माणसांनी, आणि १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर धावली तोवर दिल्लीत पाच पंतप्रधान होऊन गेले. त्यांचंही श्रेय आहेच. कोणी नाकारलंय?

प्रकल्प अडवल्याच्या आरोपात थोडं तथ्य आहे, आणि ते मला कबूल करावं लागतं. आम्हाला मोर्चा काढता यायचा, पण कारखाना काढता आला नाही. घाटावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसं काजूचं, आंब्याचं काही आमच्या लोकांनी उभं केलं नाही. पण दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा करार १९९५ मध्ये रद्द करणारं सरकार शिवसेना-भाजप युतीचं होतं, भाई. नंतर नव्याने करार करणारंही तेच. आणि कोकणातला माणूस गिरणीत जाऊन मनीऑर्डर पाठवायला लागला तेव्हा समाजवादी पक्ष जन्मालाही आला नव्हता.

आता घटनेवर येतो, कारण आईने विचारलं ते त्याबद्दल.

विधेयक आणलं होतं, हे खरं. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. यापुढे मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं बहुमताने ठरलं. त्याआधी १९५१ आणि १९६४ मध्ये याच न्यायालयाने, ती करता येते, असं म्हटलं होतं. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं ते हाच अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून. कुठलाही हक्क रद्द करायचं ते विधेयक नव्हतंच.

आणि हा अधिकार हवा कशाला होता? गोलकनाथ कोण होते? पंजाबातलं जमीनदार कुटुंब. त्यांचं भांडण कमाल जमीन कायद्याशी होतं. मालमत्तेचा हक्क त्या काळी मूलभूत हक्क होता, हे भाई सोयीने विसरले. घटनेची नववी अनुसूची, म्हणजे कोर्टापासून राखलेल्या कायद्यांची यादी, उघडा. कोर्टात अडकू नयेत म्हणून १९५१ ला पहिल्या घटनादुरुस्तीने जे तेरा कायदे तिथे ठेवले, त्यांत मुंबई कूळ कायदा आहे आणि खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, मोडणारा कायदाही आहे. आपल्या मातीतले दोन कायदे. बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती विरोधात विधेयक आणलं होतं, तिथून ही वाट सुरू होते. गोलकनाथ निकालाने जुन्या दुरुस्त्या मोडल्या नाहीत, पण पुढचं दार लावून घेतलं. राजापूरच्या खासदाराला ते दार उघडं हवं होतं, यात नवल काय?

आमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा बत्तीस-म चा दाखला आहे, म्हणजे कूळ कायद्याखाली कसत असलेली जमीन त्यांच्या मालकीची झाल्याचा. घडीवर फाटलाय, मागून कोणीतरी खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलीय. त्याआधी आजोबा दरवर्षी खळ्यावरून भात मोजून मालकाकडे नेऊन द्यायचे. दाखला झाल्यावर ते थांबलं. मेसेजातला मूलभूत हक्क तो हा, भाई. मालकाचा.

राहिली आणीबाणी. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले. आणीबाणी २५ जून १९७५ ची. मधे साडेचार वर्षं. शिवाय ती लागली कलम ३५२ खाली, आणि ते कलम घटनेत पहिल्या दिवसापासून आहे. नाथ पैंच्या विधेयकाचा विषय होता घटनादुरुस्तीचं कलम ३६८. ते मंजूर न होताच राहिलं होतं. आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नंतर जनता सरकारने १९७८ ला चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली. तिने आणीबाणी लावणं अवघड केलं, जगण्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब होणार नाही अशी सोय केली, आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. त्या मंत्रिमंडळात दंडवते होते. घटनेशी समाजवाद्यांनी काय केलं ते बघायचं तर ही एक दुरुस्ती वाचा, बाकी काही नको.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. संसदेवर एवढा भरवसा टाकणं बरोबर होतं का? तोच अधिकार १९७६ ला, आणीबाणीत, न्यायालयांचे हात बांधणाऱ्या बेचाळिसाव्या दुरुस्तीत कसा वापरला गेला ते आपण पाहिलं. केशवानंद भारती निकालात न्यायालयाने १९७३ ला जी मधली वाट काढली, दुरुस्ती करा पण मूळ चौकट मोडू नका, ती मला आज जास्त पटते. नाथ पैंना पटली असती का, सांगता येत नाही. हा वाद भाईंनी घातला असता तर मी चहा करून रात्रभर बसलो असतो. १९८९ च्या प्रचारात मला गोलकनाथ समजावून सांगणारे तेच. कणकवली स्टँडवर, शेवटची एसटी चुकल्यावर, सिगरेटच्या पाकिटावर ३६८ लिहून.

आईला हे सगळं मालवणीत सांगितलं. तिने ऐकलं, पेजेचं ताट सरकवलं आणि म्हणाली, "मगे भाईंका फोन लाव मरे." लावला. दोनदा लावला. उचलला नाही.