वादे वादे जायते धूर

हवामान माणसामुळे बदलतंय की आपोआप, या वादात उतरायचं ठरवलं असेल तर आधी तुमचं अभिनंदन. काडीचा अभ्यास न करता जन्मभर खेळता येईल असा हा बहुधा शेवटचाच खेळ उरलाय. (क्रिकेटवर बोलायलाही हल्ली आकडेवारी लागते.) फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यात पक्की बसवा. हा वाद जिंकायचा नसतो, तो संपू द्यायचा नसतो.

हा गुरुमंत्र मूळचा सिगारेटवाल्यांचा. शंका हाच आपला माल, असं अमेरिकेतल्या ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या 1969 सालच्या एका अंतर्गत टिपणात चक्क लिहून ठेवलंय. सिगारेट निर्धोक आहे हे सिद्ध करत बसायची गरजच नाही. ‘अजून पुरतं सिद्ध कुठे झालंय?’ एवढं लोकांच्या मनात घोळत राहिलं की पाकिटं खपत राहतात. पुढे हाच माल तेल-कोळशाच्या पेठेत आला, आणि काही विक्रेतेही तेच राहिले. फ्रेडरिक साइट्झ हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. उतारवयात त्यांनी आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीच्या संशोधन-निधीचा कारभार पाहिला. 1998 साली माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीचा धोका नाकारणारा ‘ओरेगॉन अर्ज’ निघाला, त्याच्या सोबतच्या पत्रावर सहीही त्यांचीच होती.

हा अर्ज तुमचं पाठ्यपुस्तक समजा. त्याला एक लेख जोडला होता. कुठल्याही नियतकालिकात तो छापून आला नव्हता, पण त्याची मांडणी, अक्षरं, सगळं विज्ञान अकादमीच्या नियतकालिकासारखं होतं. शेवटी अकादमीलाच जाहीर करावं लागलं की बाबांनो, हा लेख आमचा नाही. सह्या पुढे 31 हजारांवर गेल्या. सही करायला विज्ञानाची कुठलीही पदवी पुरेशी होती आणि मोजण्यापुरते सोडले तर त्यात हवामानशास्त्रज्ञ नव्हतेच. ‘स्पाइस गर्ल्स’मधल्या गायिका जेरी हॅलिवेल यांचंही नाव मागे डॉक्टर लावून यादीत घुसलं होतं. तेव्हा तुम्ही बिनधास्त ‘हजारो शास्त्रज्ञांचा विरोध आहे’ म्हणा. कशाचे शास्त्रज्ञ हे कुणी विचारत नाही.

दाखला मात्र हातात धरता येईल असा हवा. या बाबतीत अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे तेव्हाचे सेनेटर जेम्स इनहॉफ यांचा हात कुणी धरणार नाही. 26 फेब्रुवारी 2015 रोजी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा सेनेटच्या सभागृहात आणला, बाहेर किती कडाक्याची थंडी आहे ते सांगितलं आणि गोळा अध्यक्षांच्या दिशेने भिरकावला. वाद मिटला! पुढे वर्षाअखेर हिशेब लागला, तेव्हा 2015 हे जगभरातलं तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष निघालं. पण गोळ्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हिशेब किती जणांनी पाहिला?

आपल्याकडे बर्फ मिळणार नाही, पण काळजी नको. आपल्याकडे वेधशाळा आहे. ‘उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि 2100 सालचं तापमान सांगतात!’ हे वाक्य कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हमखास टाळी घेतं. उद्या दुपारी साडेतीनला कोथरूडला सर येईल का, हा प्रश्न वेगळा, आणि मे महिना जानेवारीपेक्षा तापेल का, हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर नागपुरातलं शेंबडं पोरही देईल. तरी हा फरक तुम्हाला कळलाय असं चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

‘हे सगळं हल्लीचं फॅड’ असंही मधूनमधून म्हणत चला. त्यासाठी इतिहासाकडे मात्र पाठच फिरवलेली बरी. सत्तावनच्या उठावाच्या आदल्या वर्षी, 1856 साली, युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली होती. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि हवा या वायूने भरली तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहिलं. मुंबईत प्लेग आला त्या 1896 साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतला हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती चढेल याचं गणित हाताने मांडलं. फॅडच्या मानाने जरा जुनंच प्रकरण म्हणायचं.

खरा धोका घरातच असतो. समजा, भाची भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. तुम्ही जेवणाच्या टेबलावर ‘अगं, सगळा सूर्याचा खेळ आहे’ म्हणता आणि ती वरणभात कालवता कालवता सांगते, “मामा, सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. इथे खालचा थर तापतोय आणि वरचं स्थितांबर गार पडतंय. पांघरूण जाड झालं की उष्णता आत अडते, बाहेर कमी जाते, तसं आहे हे. आणि 1980 पासून सूर्याचं तेज काही वाढलेलं नाही.” तुम्ही घाईघाईने ज्वालामुखीकडे वळता. तीही वळते. “सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. शिवाय कोळसा नि तेल म्हणजे जुन्या वनस्पती. त्यांच्यात कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, कमी असतो, आणि हवेतही त्याचं प्रमाण नेमकं तसंच घसरत चाललंय. ज्वालामुखीतून येणारा कार्बन असा नसतो.”

अशा वेळी विज्ञानात शिरलात तर मेलात. शांतपणे विचारा, “हे सगळं कॉलेजात शिकवतात? फी किती घेतात गं?” गाडी फीवर आली की बहीण बोलायला लागते, मेहुणे बोलायला लागतात आणि स्थितांबर आमरसात बुडतं.

आकडे स्वतः तपासायचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. बर्कलीचे रिचर्ड मुलर यांची गत डोळ्यांसमोर ठेवा. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक तापमानाच्या नोंदींबद्दल साशंक होता. त्याने सगळ्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. पैसे देणाऱ्यांत तेलसम्राट चार्ल्स कोक यांची संस्थाही होती. एवढं सगळं जुळून आलं असताना 2012 साली गृहस्थाने काय जाहीर करावं? तापमान वाढलंय आणि ते जवळजवळ संपूर्णपणे माणसामुळे! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

त्यापेक्षा चुका गोळा करा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या 2007 सालच्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असं एक विधान होतं. ते सपशेल चूक होतं आणि 2010 मध्ये संस्थेने तसं कबूलही केलं. शेकडो पानांमधलं हे एक वाक्य जन्मभर पुरवून वापरा. चूक कबूल करणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं विचारा. आपण स्वतः आजवर एकही कबूल केलेली नाही, हे सांगायला विसरू नका.

आता खास आपल्या लोकांचा डाव, आणि इथे आपण अमेरिकनांच्याही पुढे आहोत. एकाच दमात दोन वाक्यं म्हणायची. पहिलं: ‘माणसामुळे हवामान बदलतं हे थोतांड आहे, आपला विकास रोखायचा पाश्चात्त्यांचा डाव.’ दुसरं: ‘हा सगळा धूर त्यांनीच केला, आता भरपाई द्या.’ यातलं दुसरं सोळा आणे खरं आहे. अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय जेमतेम 2 टन. आजवर जगात जाळलेल्या कोळसा-तेलाच्या धुरातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. बळकट दावा आहे. पण पहिलं वाक्य खरं मानलं तर दुसऱ्यातला आरोपी निर्दोष सुटतो, कारण गुन्हाच घडलेला नाही. आपल्या पोराच्या ताटातलं काढून घेणाऱ्याची वकिली आपणच करायची, तीही फुकट!

फुकट, हे लक्षात घ्या. तिकडे या कामाचे पैसे मिळतात. आणि ज्यांनी ते पैसे मोजले, त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. 1977 साली एक्सॉन या तेल कंपनीच्याच जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने कंपनीच्या वरिष्ठांना खनिज इंधनामुळे हवामान बदलतंय हे समजावून सांगितलं होतं. कंपनीने आतल्या आत केलेले तापमानाचे अंदाज पुढे पडताळून पाहिले, तर बहुतेक बरोबर आले. म्हणजे ज्या गोष्टीवर तुम्ही शंका घेताय, तिच्यावर एक्सॉनच्या शास्त्रज्ञांना शंका नव्हती. रिपब्लिकन पक्षाला ‘शास्त्रात अजून एकमत नाही हे ठासून सांगत राहा’ असा सल्ला देणारे फ्रँक लुंट्झ 2019 साली सेनेटच्या समितीपुढे जाऊन म्हणाले की तेव्हा माझं चुकलं, माझं ते लिखाण आता वापरू नका. मालकाने दुकान बंद केलं, तरी आपण वखारीतला माल घरोघर वाटतोच आहोत. निष्ठा म्हणतात ती हीच.

शेवटी पायऱ्यांचं. तापमान वाढतच नाही, ही पहिली पायरी. वाढतंय, पण आपोआप, ही दुसरी. माणसामुळे वाढतंय, पण थोडी ऊब काय वाईट, ही तिसरी. हिच्यावर विदर्भात उभं राहू नका. एकेका पायरीवर जमेल तितकी वर्षं काढा आणि खालची सोडताना ‘मी तर कधीपासून हेच म्हणतोय’ असं म्हणा. सर्वांत वर ऐसपैस जागा आहे. तिथे पोचलात की मान हलवत एवढंच म्हणायचं, ‘आता फार उशीर झाला हो, काही उपयोग नाही.’ उशीर कोणामुळे झाला असं भाचीने विचारलंच, तर खूश व्हा. तो अगदी नवा कोरा वाद आहे आणि त्यात अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.