क्लाराला कुणी कोंडलं नव्हतं

परवा आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला : "गोव्यात ज्याचं शव आहे त्या सेंट फ्रान्सिसने भिक्षेकरी पाद्र्यांचा पंथ काढला. आयतं खायचं आणि मुलींना फूस लावून मठात कोंडायचं, हाच त्यांचा धंदा." पाठोपाठ ताईला फोन, लेकीचं नाव सिस्टरांच्या शाळेतून काढ म्हणून. पोरगी दहावीला आहे! म्हणून लिहायला बसले.

आधी माणूस तरी बरोबर धरा. जुन्या गोव्यातला तो फ्रान्सिस झेवियर, जेझुइट या वेगळ्याच संघाचा पाद्री, १५५२ साली वारला. भिक्षेकरी संघ काढला इटलीतल्या असिसीच्या फ्रान्सिसने. तो १२२६ मध्येच गेला, कबरही असिसीतच आहे.

आयतं खाण्याचं म्हणाल, तर या फ्रान्सिसचं मृत्युपत्र वाचा. मी हातांनी काम केलं, सगळ्या बांधवांनी करावं, येत नसेल त्यांनी शिकावं, असं तो सांगतो. कामाचा मोबदला मिळाला नाही तर दारोदार भिक्षा. १२२३ च्या नियमात तर पैशाला हात लावायचीच मनाई, दुसऱ्याकरवीसुद्धा घ्यायचा नाही. माधुकरी मागून शिकलेल्यांना आपण आयतोबा म्हणतो का?

आता मुलींचं, कारण ताई घाबरली ती यालाच. असिसीची क्लारा मोठ्या घरची, जेमतेम अठराची. १२१२ च्या सुमारास झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) रात्री ती घरातून निघाली आणि जोगीण झाल्याची खूण म्हणून फ्रान्सिसने तिचे केस कापले. नातेवाईक तिला ओढून न्यायला आले, तेव्हा तिने वेदीचं वस्त्र घट्ट धरलं आणि डोक्यावरचा पदर सारून कापलेले केस दाखवले, असं तिच्या जुन्या चरित्रात आहे. म्हणजे जबरदस्ती केली ती घरच्यांनी! पुढे पोप नववा ग्रेगरी तिला गरिबीच्या व्रतातून मोकळं करायला निघाला, तर तिने त्यालाही नकार दिला. मठाचा नियम तिने स्वतः लिहिला. १२५३ मध्ये, मरणाच्या दोन दिवस आधी, त्याला पोपची मंजुरी मिळाली.

हुंडा वाचावा म्हणून युरोपात कित्येक बापांनी मुली मठात घातल्या, हे खरं आहे. गोव्यातल्या बार्देशात देवळं पाडण्यात फ्रान्सिस्कनांचा, म्हणजे याच फ्रान्सिसच्या संघातल्या पाद्र्यांचा, हात होता, हेही मी नाकारत नाही. पण त्यावरून आज दहावीच्या मुलीची शाळा सोडवायची?

शाळा चालवणाऱ्या सिस्टरांचे संघ वेगळे, क्लाराच्या जोगिणी मठाबाहेर पडत नसत. तरी क्लाराच्या घरचं शेवटचं सांगते : तिची आई ओर्तोलाना पुढे स्वतः त्याच मठात दाखल झाली.

आत्या, मेसेज काढून टाक. आणि ताईला फोनही तूच कर.