डॉक्टरांची गाडी

‘भाऊजी, तुम्हाला गाड्यांतलं कळतं’ हे वाक्य ज्या रविवारी सकाळी फोनवर ऐकू येते, त्या रविवारचे जेवण मला दुपारी चारच्या आत मिळत नाही. गाड्यांचा नाद हा तसा निरुपद्रवी आजार. परंतु तो नात्यागोत्यात जाहीर झाला, की माणूस पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींच्या पंक्तीला जाऊन बसतो. फरक इतकाच, की गुरुजींना दक्षिणा मिळते आणि त्यांनी ‘मंगळ आहे’ म्हटले की लोक निदान बिचकतात. मी मात्र ‘ही गाडी पुढून ठोकलेली आहे’ असे सांगितले, तरी ‘पण रंग किती छान आहे!’ एवढेच उत्तर माझ्या वाट्याला येते.

सल्ला मागणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती देते?’ हा प्रश्न म्हशींच्या बाजारातून थेट शोरूममध्ये शिरला असावा, अशी माझी जुनी शंका आहे. लिटरमागे किती किलोमीटर, याचा जो आकडा कंपन्या छातीठोकपणे सांगतात, तो पुष्कळदा आमच्याच पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून मोजलेला असतो. त्या रोलरला लक्ष्मी रस्ता ठाऊक नसतो, गौरी-गणपतीची खरेदी ठाऊक नसते आणि मागच्या सीटवरून ‘अहो, हळू!’ असे ओरडणारेही तेथे कोणी नसते. त्यामुळे तो आकडा घरी आणल्यावर माहेरी परत जातो, हे मी आजवर किमान पंधरा जणांना समजावले असेल आणि पंधराही जणांनी ‘बरं, पण देते किती?’ असे पुन्हा विचारले आहे.

दुसरा प्रश्न ‘विकताना किती येतील?’ हा असतो आणि त्यापायीच आपल्याकडच्या निम्म्या गाड्या पांढऱ्या असाव्यात. बोहल्यावर उभे राहतानाच पोटगीचा हिशेब मांडावा, तसा हा प्रकार आहे. माझे मत विचाराल, तर गाडी घेण्याआधी तिच्यात अर्धा तास नुसते बसावे, तेही मागच्या सीटवर, कारण आईवडील तेथे बसणार असतात. मग ती विक्रेत्याने नेमलेल्या गुळगुळीत रस्त्यावर न नेता आपल्या सोसायटीच्या उतारावरून खाली पार्किंगमध्ये नेऊन पाहावी. डिकीसुद्धा उघडून पाहावी. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमी लागतो म्हणून कित्येक गाड्यांची शेपटी ३९९५ मिलिमीटरवर छाटलेली असते आणि गणपतीला कोकणात निघताना मग आजीच्या मांडीवर पिशव्या येतात. हे सारे मी सांगतो. ऐकणारा मान डोलावतो आणि सनरूफ असलेली गाडी घेऊन येतो.

या खेपेस फोन मेहुण्याचा होता. त्याला अक्षय्य तृतीयेच्या आत जुनी, पण ‘नव्यासारखी’ गाडी हवी होती. मी टॉर्च, फडके आणि पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक अशी आयुधे घेऊन ऐन उन्हात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात पोहोचलो. मेहुणा, त्याची बायको आणि सात वर्षांचा चिरंजीव आधीच एका पांढऱ्या गाडीत बसून एसीची हवा खात होते, म्हणजे निकाल लागलेला होता आणि खटला तेवढा चालायचा होता.

‘डॉक्टरांची गाडी आहे, साहेब,’ यार्डाचे मालक म्हणाले. ‘घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बत्तीस हजार किलोमीटर फक्त.’ पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. इतक्या वर्षांत मला वकिलाची, कंत्राटदाराची किंवा विमा एजंटाची एकही गाडी कोणी दाखवलेली नाही. ही मंडळी बहुधा चालतच फिरत असावीत.

मी खाली वाकून ब्रेकच्या पेडलवर टॉर्च मारला. पेडलच्या रबरावर आडव्या खाचा असतात. बत्तीस हजार किलोमीटरमध्ये त्या सहसा पुसल्या जात नाहीत. येथे मात्र ते रबर डाव्या कडेला पार गुळगुळीत होऊन खालचा पत्रा चकाकत होता. डॉक्टरांचा दवाखाना नागपुरात असावा. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: २१२३, म्हणजे २०२३ सालच्या एकविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१८ सालची. एवढे कमी पळालेल्या गाडीला मध्येच चार नवे टायर का लागले, असे विचारल्यावर मालक म्हणाले, ‘डॉक्टर शौकीन होते.’ बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला होता, म्हणजे बॉनेट कधीतरी खोलून काढलेले होते. शेवटी मागच्या डाव्या दरवाज्यावर चुंबक लावला, तो टपकन खाली पडला. पत्र्यावर पुट्टीचा चांगला जाड थर होता. ‘खांबाला थोडीशी घासली होती,’ मालक म्हणाले. मी मेहुण्याला बाजूला घेऊन चारही पुरावे क्रमाने मांडले. तो गंभीरपणे म्हणाला, ‘भाऊजी, पण एसी काय गार आहे!’

आता एक गोष्ट मी लपवून ठेवली आहे, ती सांगणे भाग आहे. यार्डाबाहेर माझी स्वतःची जी गाडी उभी होती, ती १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. जुनी गाडी संध्याकाळी पाहू नये आणि पावसात तर मुळीच पाहू नये, कारण ओला रंग सगळे डाग झाकतो, हा नियम मी जगाला शिकवतो. पद्मिनी मी श्रावणातल्या संध्याकाळी, भुरभुरत्या पावसात, टॉर्च खिशातून न काढता घेतली. दार उघडले, तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा तो वास आला, गिअर खाली ओढल्यावर लहानपणी मामाच्या शेजारी बसून ऐकलेला ‘खटक’ असा आवाज झाला आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ च्या एप्रिलमध्ये सहाशेवरून पाच हजार झाले. माझी मुदत नेमकी मे महिन्यात संपत होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मी घरात कोणाशी बोललो नव्हतो. बायको म्हणाली, ‘अहो, सुतक किती दिवसांचं आहे?’

तर त्या रविवारी, साऱ्यांना उपदेश करून मी ऐटीत गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसते खाकरले. दीड तास उन्हात उभ्या असलेल्या पद्मिनीच्या पेट्रोलची इंजिनाजवळच्या पंपातच वाफ झाली होती. यावर रामबाण उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे. फडके मी आणले होतेच. पाणी यार्डाच्या मालकांनी स्वतः बादलीतून आणून दिले. ‘साहेब,’ ते फार अदबीने म्हणाले, ‘ही कोणत्या डॉक्टरांची?’

मेहुणा टोकनचे पैसे देऊन आला आणि माझ्या शेजारी बॉनेटमध्ये डोकावून उभा राहिला. तेवढ्यात मागून भाचेबुवांची हाक आली. मी फडके पिळता पिळता वळून पाहिले. चिरंजीवांनी माझा लोहचुंबक उचलून आणला होता आणि ते पद्मिनीच्या दरवाज्यावर, मग मडगार्डवर, मग पुन्हा दरवाज्यावर तो मोठ्या चिकाटीने लावत होते.

‘काका, हा कुठेच चिकटत नाही.’

उन्हाने लोहचुंबक खराब होतात, असे मी त्याला सांगितले.