चोडणच्या कांदळवनात स्पीकर कशाला?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

दुपारी गोव्यातल्या रायबंदरहून फेरीने मांडवी नदीतल्या चोडण बेटावर निघाले होते. समोर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या कडेकडेने एक बोट चाललेली, आणि तिच्यावर स्पीकर असा दणाणत होता की आमच्या फेरीचं इंजिनही ऐकू येईना. तिवरांवरचे बगळे भर्रकन उठले आणि गेले. बोटीवरची मंडळी ते मोबाईलवर टिपत टाळ्या वाजवत होती!

अहो, जागा ती केवढीशी? बेटाच्या पश्चिम टोकाला जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. १९८८ साली अभयारण्य झालं म्हणून ती टिकली. नाचायला अख्खी मांडवी आहे, कॅसिनो आहेत, क्रूझ आहेत. एवढा तुकडा तरी सोडा की!

लेक लहान असताना एका होडीवाल्या काकांनी आम्हाला तिथल्या खाडीत नेलं होतं. भरती उतरायला लागली होती. आत शिरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, वल्हं हातात घेतलं आणि लेकीला म्हणाले, "बाय, आता बोलायचं नाही हां." थोड्या वेळाने उघड्या पडलेल्या चिखलावर एक निवटी कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरकत आली आणि डोळे वर काढून बसली. मासा जमिनीवर चालतो! लेकीने तोंडावर हात घट्ट धरला होता. मग काकांनी कांदळाला लोंबणारी लांब हिरवी शेंग दाखवली. याचं बी झाडावरच रुजतं, खाली पडलं की चिखलात उभंच रुततं, म्हणाले.

होडीवाल्यांना पोट आहे, मान्य. पण ते काकाही पोटासाठीच होडी चालवत होते ना? त्यांनी नाही लावला स्पीकर.

आणि हे फक्त पक्ष्यांपुरतं नाही. सुंगटं म्हणजे कोळंबी, खेकडे, शेवटे मासे लहानपणी याच कांदळांच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. उद्या ताटात माशांचं हुमण (कालवण) हवं असेल तर हा चिखल हवाच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या बोटीवर दोन-तीन पोरंही होती. इंजिन बंद करून त्यांना निवटी दाखवणारं कुणी भेटलं असतं, तर तीही तोंडावर हात धरून बसली असती. पोरांचा काय दोष?

तेव्हा या हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन जाणार असाल, तर होडी ठरवतानाच विचारा, स्पीकर लावता का? हो म्हणाले तर सरळ दुसरी होडी बघा, आणि का बघतोय तेही त्यांना सांगा.