आईच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत

आज सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा झाली. तिथून परतल्यापासून डोके शांत झालेले नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. सभा अडीच तास चालली. चटई क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा, किती वाढवून मिळणार, कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी, किती, भाडे किती महिन्यांचे आगाऊ देणार, गाड्या कुठे उभ्या करायच्या, या सगळ्यावर सभासद तावातावाने बोलले, आणि बोलायलाच हवे, कारण प्रत्येकाची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकलेली आहे. विकासकाच्या वास्तुविशारदाने पडद्यावर मजल्याचा आराखडा दाखवला. त्यात सोफा होता, जेवणाच्या टेबलावर फुलदाणी होती, पलंगावर उशासुद्धा काढलेल्या होत्या, पण उत्तर दिशा दाखवणारा बाण कुठेही नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शेवटच्या रांगेतून उभ्या राहिल्या. त्यांचे वय आता ८२ आहे. त्यांनी विचारले, "माझ्या खोलीत दुपारचं ऊन किती वाजेपर्यंत राहील हो?" दोन-तीन जण हसले. तो तरुण वास्तुविशारद हसला नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे, पण त्याने उत्तर दिले ते असे: "आजी, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलेला आहे ना." काकू खाली बसल्या आणि सभा पुन्हा पार्किंगकडे वळली.

मी तेव्हा बोललो नाही. बोलायला हवे होते, कारण काकूंनी जो प्रश्न विचारला तो माझ्या आईचा प्रश्न होता, आणि आईने तो मला कधीही विचारला नव्हता.

२०११ साली आम्ही घोडबंदर रस्त्यावर नवा फ्लॅट घेतला. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून चौरस फुटामागे जास्त पैसे मोजले. येऊर ठाण्याच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तो डोंगर समोर दिसणारी प्रत्येक खिडकी पश्चिमेचीच असणार, ही गोष्ट इतकी सरळ आहे की ती तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही याची आजही लाज वाटते. डोंगराकडची ती खोली आम्ही आईला दिली. घरातली सर्वांत चांगली खोली आईची, असा माझा हट्ट होता. सहा फूट रुंद सरकते तावदान आणि बाहेर, खिडकीच्या वर, ऊन अडवायला छज्जा म्हणून काहीही नाही. पहिल्या पावसाळ्यात आई तासन्‌तास खिडकीशी बसून डोंगर पाहत असे, आणि मला वाटत असे की आपण आईसाठी काहीतरी केले.

मग मार्च आला. दुपारी तीन वाजले की आई एक प्लास्टिकची खुर्ची उचलून लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये जाऊन बसू लागली. तिथे पूर्वेकडे एक जाळी होती आणि दुपारी सावली असे. मी ऑफिसमधून साडेसातला यायचो, तेव्हाही ती तिथेच असायची. शेजारचे लोक माझ्या बायकोकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. मी आईवर चिडलो. "एवढी चांगली खोली दिली आहे, आणि तू बाहेर बसतेस, लोक काय म्हणतील?" असे मी तिला विचारले. ती एवढेच म्हणाली, "अरे, इथे माणसांची ये-जा दिसते." असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एका रात्री साडेनऊला काही कामासाठी मी तिच्या खोलीत गेलो. तिने पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतला होता आणि खिडकीच्या ग्रिलवर ओली चादर टाकली होती. ती म्हणाली, "हात लाव बघू भिंतीला." मी तळहात टेकवला. सूर्य मावळून अडीच तास झाले होते, आणि ती भिंत ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम होती.

हे का होते, ते समजून घ्यायला मोठे शास्त्र लागत नाही. आजकालच्या टॉवरमध्ये बाहेरच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सहा इंची काँक्रीटच्या असतात. काँक्रीट उष्णता साठवते आणि सावकाश आत सोडते. दुपारी दोनपासून बाहेरून भाजत राहिलेली भिंत आतून सर्वांत गरम होते ती रात्री आठ-नऊला, म्हणजे नेमके माणूस अंग टाकायला येतो तेव्हा. ती दिवसभराचे ऊन रात्री परत करते, आणि ज्याचा पलंग तिला लागून आहे त्याने ते सोसायचे.

ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या दिवसांत तर तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे कललेला असतो. माथ्यावरच्या उन्हाला साधा छज्जा अडवतो. अडचण माथ्यावरच्या उन्हाची नाही, ती तिरप्या उन्हाची आहे. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. पाच फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा काढलेला असला, तरी त्या वेळी त्याची सावली वरच्या जेमतेम एक फुटावर पडते आणि उरलेल्या चार फुटांतून ऊन सरळ पलंगावर येते. जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेला नव्हे, तर तिथून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणून वायव्येची खोलीही यातून सुटत नाही. पश्चिमेच्या खिडकीला छज्ज्याबरोबर उभे पडदे लागतात, मग ते काँक्रीटचे उभे पंख असोत, जाळी असो, बांबूचे चिक असोत किंवा झाड असो.

आणि ज्या दक्षिणेला आपण इतके घाबरतो, ती या बाबतीत सर्वांत सोपी दिशा आहे. यमाची दिशा म्हणून दक्षिणेचे घर लोक नाकारतात किंवा भाव पाडून घेतात. प्रत्यक्षात तोच दोन फुटी छज्जा दक्षिणेच्या पाच फुटी खिडकीवर असेल, तर मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारचे ऊन काचेला शिवतही नाही. डिसेंबरात मात्र माध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांवर उतरलेला असतो, आणि तेव्हा हवेहवेसे वाटणारे ऊन खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून खोलीत येते. एवढ्याशा छज्ज्यात उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींची सोय होते. आज दाखवलेल्या आराखड्यात दक्षिणेला एकही छज्जा नाही. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की इमारतीचा दर्शनी भाग त्याने बिघडतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत कशी दिसते याची काळजी आहे, आत राहणाऱ्याची नाही!

वास्तुशास्त्र मानणाऱ्या मित्रांना दुखवायची माझी इच्छा नाही. दार पूर्वेला हवे, सकाळचे कोवळे ऊन घरात यावे, या आग्रहात काही वावगे नाही, कारण पूर्वेचे ऊन पश्चिमेइतकेच तिरपे असले तरी रात्रभर गार झालेल्या भिंतीवर आणि गार हवेत येते. पण त्याच शास्त्राच्या नावाने घरातल्या वडीलधाऱ्यांची खोली नैर्ऋत्येला घातली जाते, आणि ठाण्यासारख्या गावात नैर्ऋत्येचा कोपरा हिवाळ्यात दुपारपासून आणि उन्हाळ्यात संध्याकाळभर तापतो, शिवाय पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा मारा त्याच भिंतीवर बसून तिथेच ओल धरते. आज सभेत तिघांनी मुख्य दाराची दिशा विचारली, आणि खोलीत दुपारचे ऊन किती वेळ राहते हे एकट्या काकूंनी विचारले.

हे मान्य करतो, की एका मजल्यावर सहा घरे असतील तर कोणाच्या तरी वाट्याला पश्चिम येणारच. हेही मान्य, की आपल्याकडे दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतो, आणि तिकडची खिडकी बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. पण हा पेच नवा नाही. मुंबईत कंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कांचनजंगा ही २८ मजल्यांची इमारत १९८३ साली पूर्ण झाली. वारा आणि समुद्राचा देखावा पश्चिमेचा, आणि भाजणारे ऊन व झोडपणारा पाऊसही पश्चिमेचाच, हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. जुन्या बंगल्यांना भोवताली व्हरांडा असे, तो त्यांनी दोन मजले उंचीच्या खोल गच्च्यांच्या रूपाने उंच इमारतीत आणला आणि खोल्या आत सरकवल्या. ती श्रीमंतांची इमारत आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण कोकणातल्या साध्या घराची पडवी हेच काम करते. उतरत्या कौलांखाली चार-पाच फुटांची सावली आणि तिच्या आड भिंत. त्यासाठी श्रीमंती लागत नाही, आराखडा काढताना माणसाची आठवण ठेवावी लागते.

आमची नौपाड्यातली ही इमारत १९७२ ची आहे. ती कोणी मोठ्या नावाच्या माणसाने बांधलेली नाही. तरी तिच्या पश्चिमेला जिना आहे, न्हाणीघरे आहेत, संडास आहेत, आणि राहत्या खोल्या पूर्वेला व उत्तरेला आहेत. ऊन आधी जिन्याला आणि न्हाणीघराला तापवते, न्हाणीघर त्याने कोरडेही राहते, आणि खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा जोर संपतो. शिवाय भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. आई इथे चाळीस वर्षे राहिली आणि दुपारी कधी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली नाही. ही गोष्ट मला ती गेल्यावर सुचली, आणि त्यावर आता काही इलाज नाही.

माझा खरा राग कशावर आहे, ते लिहिता लिहिता मलाच स्पष्ट होत चालले आहे. सभेत बोलणारे आम्ही बहुतेक सगळे दुपारी घरी नसणारे, किंवा कालपरवापर्यंत नसलेले लोक. दुपारी तीन ते सात त्या खोल्यांत कोण असते? म्हातारी माणसे असतात, स्वयंपाक उरकून जरा टेकणाऱ्या बायका असतात, शाळेतून आलेली मुले असतात, आजारी माणूस असतो. ज्यांना ती भिंत सोसायची आहे ती माणसे सभेत बोलत नाहीत, आणि एखादी बोललीच तर तिला एसीचा पॉइंट दाखवला जातो. आईच्या खोलीत मी एसी बसवला होता. त्याच्या गार झोताने तिचे गुडघे धरत, म्हणून ती तो बंद करून पुन्हा पॅसेजमध्ये जाऊन बसत असे. मे महिन्यात एसी लागतो, हे मी नाकारत नाही, माझ्याही घरात तो आहे. पण चुकीच्या दिशेला काढलेली खोली दर महिन्याचे वीजबिल भरून आयुष्यभर सहन करत राहायची, हा नियोजनाचा प्रकार मला मान्य नाही.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आई २०१९ साली गेली. त्यानंतर आम्ही तो फ्लॅट विकला आणि नौपाड्यात परत आलो. फ्लॅट पाहायला आलेल्या कुटुंबाबरोबर त्यांची आजी होती. ते सकाळी दहा वाजता आले होते. मी त्यांना खिडकीतून डोंगर दाखवला, "ही खोली आजींसाठी छान आहे" असे म्हणालो, आणि भिंतीबद्दल एक शब्दही काढला नाही. आज काकू खाली बसल्या तेव्हा मला त्या आजींचा चेहरा आठवला.

म्हणून आता गप्प बसणार नाही. दुपारी त्या आराखड्याची प्रत मागवून घेतली, गच्चीवर होकायंत्र घेऊन गेलो, आणि लाल पेन्सिलीने त्यावर उत्तरेचा बाण काढला. दर मजल्यावरच्या सहा घरांपैकी तीन घरांची निजायची खोली ठीक पश्चिमेला येते, आणि लिफ्ट, जिना व डक्ट (नळ वगैरे नेण्यासाठीची उभी पोकळी) मात्र सावलीतल्या उत्तर बाजूला ठेवले आहेत. ते पश्चिमेला नेता येतात. जिथे नेता येत नाहीत, तिथे न्हाणीघर आणि ड्राय बाल्कनी पश्चिमेला घेता येते, म्हणजे कपडेही वाळतील. आणि जिथे खोलीच येणार आहे, तिथे तिच्यापुढे निदान चार फुटांची बाल्कनी द्यावी, जी कोणीही पुढे काचा लावून हॉलमध्ये घेणार नाही असे करारात लिहिलेले असावे. दक्षिणेला छज्जे हवेत. पश्चिमेची भिंत हलक्या पोकळ ब्लॉकची हवी, कारण हे ब्लॉक काँक्रीटपेक्षा खूपच कमी उष्णता आत येऊ देतात. नकाशे अजून महापालिकेत गेलेले नाहीत. रेघ पुसायला आज रबर पुरते, स्लॅब पडल्यावर काहीच पुरणार नाही.

समितीला द्यायचे पत्र तयार आहे. काकूंनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत पत्राच्या पहिल्या ओळीत आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरासाठी, मे आणि डिसेंबर दोन्ही महिन्यांचे, लेखी मागितले आहे. आपल्या सोसायटीतल्या ज्या सभासदांना सही करायची आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर पश्चिमेच्या कठड्यापाशी यावे, आणि शक्य असेल तर घरातल्या दुपारी घरी असणाऱ्या माणसाला बरोबर आणावे. काकूंना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची सही मी आत्ताच खाली जाऊन घेऊन आलो.