‘गावाचा अहवाल मर्यादेत आहे’ म्हणून ते पत्र फेकू नका

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: “वॉटर कंपनीचं शिशाच्या पाइपबद्दल पत्र आलं तर घाबरू नका. गावाच्या पाण्याचा अहवाल मर्यादेत आहे. जुन्या पाइपला आतून थर बसलेला असतो, शिसं पाण्यात उतरत नाही. फार तर पाणी उकळून प्या. रस्त्याकडचा पाइप कंपनी बदलेलच, आपल्या बाजूच्या पाइपसाठी सही देऊ नका, खर्च गळ्यात पडेल.”

मी छोट्या पाणीपुरवठा कंपन्यांना जोडण्यांची, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपांची, यादी करायला मदत करते. असल्या मजकुरामुळे पत्रं कचऱ्यात जातात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

“अहवाल मर्यादेत आहे.” सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. अमेरिकेत 1991 साली शिसं आणि तांब्याचा नियम आला, तेव्हापासून 15 पीपीबी, म्हणजे लिटरमागे 15 मायक्रोग्रॅम, हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. पण इतकं शिसं प्यायलं तर चालतं, असं त्या आकड्याने कधीच म्हटलं नव्हतं. तो ओलांडला की कंपनीने उपाय सुरू करायचे, एवढाच त्याचा अर्थ. आरोग्यासाठी केंद्रीय पर्यावरण संस्थेने ठेवलेलं उद्दिष्ट शून्य आहे.

आता हिशोब बघा. 100 घरांचे नमुने घेतले, तर आकडे चढत्या क्रमाने मांडून 90वा आकडा पाहतात. मर्यादा 15 असेल आणि तो 14 निघाला, की गाव पास. वरच्या 10 घरांत 40 असो की 400, निकाल बदलत नाही. तुमचं घर त्या 10 पैकी आहे का, किंवा त्या 100 मध्ये तरी होतं का, हे अहवालावरून कळत नाही.

आणि नमुना कसला? पाणी किमान 6 तास पाइपात थांबू द्यायचं आणि पहिला लिटर भरायचा. तो लिटर असतो नळाचा आणि ओट्याखालच्या पाइपचा. रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीत रात्रभर साचलेलं पाणी त्याच्या मागून येतं. म्हणजे जिथे शिसं आहे, नेमकं तिथलंच पाणी बाटलीत येत नव्हतं. 2024 च्या सुधारित नियमाने ही चूक दुरुस्त केली: शिशाची जोडणी असलेल्या घरी पहिला आणि पाचवा असे दोन्ही लिटर तपासायचे आणि जास्त निघेल तो आकडा धरायचा. मर्यादाही 15 वरून 10 वर आणली. (भारताच्या आयएस 10500 मानकातली शिशाची मर्यादाही एवढीच आहे, लिटरला 0.01 मिलिग्रॅम.)

“आतून थर बसलेला असतो.” हे अर्धं खरं आहे. पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हे गंजरोधक रसायन घातलं की पाइपच्या आत संरक्षक थर धरतो, आणि पाइप निघेपर्यंत तो हवाच. पण तो थर पाण्याच्या रसायनावर टिकून असतो. वॉशिंग्टन डीसीत 2000 साली निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनऐवजी क्लोरामीन वापरायला लागले. हेतू चांगला होता, क्लोरीनमुळे तयार होणारी घातक संयुगं कमी करायची होती. पण त्या बदलाने जुना थर विरघळला आणि हजारो घरांत शिसं उतरलं. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये एप्रिल 2014 मध्ये नदीचं पाणी सुरू केलं आणि गंजरोधक रसायन घातलंच नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये गंज रोखायला वर्षानुवर्षं वापरलेलं सिलिकेट चालेनासं झालं. तीन शहरं, तीन वेगळी कारणं, आणि तिन्हीकडे जमिनीखाली शिशाचा पाइप होता. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराने फॉस्फेटमुळे तळी बिघडतील हे ओळखून 2001 पासून पाइपच काढायला घेतले आणि साधारण दशकभरात काम पुरं केलं. मला तोच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

“उकळून प्या.” आपण लहानपणापासून उकळलेलं पाणी प्यायलो, म्हणून हे पटकन पटतं. उकळल्याने जंतू मरतात. शिसं धातू आहे, ते तसंच राहतं, उलट वाफ गेल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतं. बाळाच्या दुधासाठी नळाचं गरम पाणी तर मुळीच घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. थंड पाणी घ्या, आणि तेही शिसं काढण्यासाठी एनएसएफ 53 प्रमाणित फिल्टरमधून.

“कंपनीकडचा अर्धा बदलला की झालं.” अर्धाच पाइप कापला की उरलेल्या शिशाला हादरे बसतात, आतले कण सुटतात. शिवाय नवं तांबं जुन्या शिशाला जोडलं की दोन धातूंमुळे शिशाची झीज वाढू शकते. म्हणून नवा नियम पूर्ण जोडणी बदलायला सांगतो.

“खर्च गळ्यात पडेल.” सही करण्याआधी खर्च कोणाचा हे लेखी विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात याच कामासाठी 15 अब्ज डॉलर ठेवले, त्यातले 49 टक्के अनुदान किंवा माफ होणारं कर्ज म्हणून. नेवार्कने 2019 पासून तीन वर्षांच्या आत 23,000 च्या आसपास जोडण्या बदलल्या आणि घरमालकाकडून पैसे घेतले नाहीत. तिथे अडचण सह्यांची होती. भाड्याच्या घरांचे मालक सापडत नव्हते, म्हणून शहराला संमतीशिवाय काम करता येईल असा स्थानिक कायदा करावा लागला.

न्यू जर्सीच्या 2021 च्या कायद्याने 2031 पर्यंत सगळ्या शिशाच्या जोडण्या काढायच्या आहेत. त्यासाठी कुठे काय पुरलंय ते आधी कळायला हवं, आणि पुष्कळ घरांपुढे यादीत अजून ‘अज्ञात’ लिहिलेलं आहे. कंपनीने प्रत्येक ठिकाणी खड्डा खणायचा, तर त्यात जो पैसा जाईल तो पाइप बदलायला उरणार नाही.

म्हणून एवढं तुम्हीच करा. बेसमेंटमध्ये मीटरपाशी जा. पाइप किल्लीने हळूच खरवडा. मऊ लागला, चंदेरी चमकला आणि चुंबक चिकटलं नाही, तर तो बहुधा शिशाचा. तांबं लालसर दिसतं. चुंबक चिकटलं तर गॅल्व्हनाइज्ड लोखंड, पण तेही कळवा, कारण त्याच्या आधी, रस्त्याकडच्या भागात शिसं असेल तर ते लोखंडाच्या गंजात साचून राहतं. मग हात धुवा आणि मीटरपासून भिंतीपर्यंतचा पाइप स्पष्ट दिसेल असा फोटो पत्रात दिलेल्या पत्त्यावर पाठवा. ओळखता आला नाही तरी पाठवा. फोटो नीट असेल तर आम्हाला बहुतेक वेळा तेवढ्यावरून सांगता येतं.